‘तालमी’तला पोरगा: फुटबॉल क्लब आपल्या मातीतले खेळाडू कसे घडवतात?

लासलगावात संध्याकाळी असरनंतर कोणत्याही मोकळ्या जागेवर नजर टाका. क्रिकेटच्या गर्दीत आता चार-सहा पोरं फुटबॉल खेळताना हमखास दिसतात. कुणाच्या पाठीवर मेस्सी, कुणाच्या पाठीवर लामिन यमाल. घरी अम्मी ओरडते, ‘अभ्यास कर, बॉलने पोट भरत नाही.’ पोरगा म्हणतो, ‘यमाल पण लहानच होता ना!’

पोरगा चूक बोलत नाही. लामिन यमाल सात वर्षांचा असताना बार्सिलोना क्लबात गेला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी, सोळा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, मोठ्या संघातून मैदानात उतरला. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. घर मातारो शहरातल्या रोकाफोंदा या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. पण सात ते पंधरा या आठ वर्षांत त्याच्यावर काय काम झाले, कुणी केले आणि ते आपल्याकडे होऊ शकते का, हे पोराला कुणी सांगत नाही. अम्मीलाही कुणी सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

घरचे उळे आणि विकतचे उळे

आपला भाग कांद्याचा. त्यामुळे ही गोष्ट समजायला आपल्याला फार लांब जायला नको. कांद्याचे बी दोन प्रकारे मिळते. एक, दुकानातून उळे आणायचे आणि टाकायचे. दुसरे, स्वतःच्या उन्हाळ कांद्यातून एकसारखे, चांगल्या रंगाचे, टिकाऊ कांदे निवडायचे, चाळीत जपायचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत लावायचे, त्याला डोंगळे येऊ द्यायचे आणि उन्हाळ्यात बी काढायचे. या दुसऱ्या रस्त्याला वेळ लागतो. एका पिकाची कमाई थांबवावी लागते. पण बी कसले आहे याची शेतकऱ्याला खात्री असते.

फुटबॉल क्लबांचेही असेच दोन रस्ते आहेत. काही क्लब तयार खेळाडू विकत घेतात. काही क्लब आठ-दहा वर्षांची पोरं निवडतात, दहा वर्षे थांबतात आणि त्यातून आपला खेळाडू काढतात. बहुतेक मोठे क्लब दोन्ही करतात. फरक असतो तो भरवसा कशावर ठेवायचा याचा.

‘घरचा खेळाडू’ म्हणजे कोण?

इथे एक गैरसमज दूर करू. घरचा खेळाडू म्हणजे त्याच जातीचा, त्याच धर्माचा किंवा त्याच देशात जन्मलेला असे नाही. युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, म्हणजे यूएफाचा नियम स्पष्ट आहे. चॅम्पियन्स लीगसाठी क्लबाने २५ खेळाडूंची यादी दिली, तर त्यातल्या ८ जागा स्थानिक घडणीच्या खेळाडूंसाठी असतात, आणि त्यातले निदान ४ त्याच क्लबात घडलेले हवेत. घडलेला म्हणजे काय? १५ ते २१ या वयात किमान तीन वर्षे त्या क्लबात शिकलेला. पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारले जात नाही.

स्पेनमधला अॅथलेटिक बिल्बाओ हा क्लब शंभरहून अधिक वर्षे फक्त बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे खेळात वाढलेले खेळाडूच घेतो. इतका कडक नियम पाळूनही तो स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही. असा विक्रम त्याच्याखेरीज फक्त रियाल माद्रिद आणि बार्सिलोना यांचाच आहे. २०२४ मध्ये त्यांनी ४० वर्षांनी स्पेनचा राजाचा चषक, कोपा देल रे, जिंकला. त्या संघात इन्याकी आणि निको हे विल्यम्स बंधू होते. त्यांचे आईवडील घानाहून सहाराचे वाळवंट ओलांडून आलेले स्थलांतरित. मुलं बास्क मातीत वाढली, म्हणून ती घरची. घरचेपण रक्तावरून ठरत नाही, तालमीवरून ठरते.

इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९३७ पासून त्यांच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत क्लबाच्या स्वतःच्या युवा संघातून आलेला किमान एक खेळाडू असतो. मधे महायुद्ध झाले. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमान अपघातात त्यांचे ८ खेळाडू गेले. साखळी तुटली नाही. बरोबर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच प्रशिक्षक मॅट बझबी यांच्या संघाने युरोपियन चषक जिंकला.

शेतघरातली शाळा

बार्सिलोनाच्या अकादमीला ‘ला मासिया’ म्हणतात. मासिया म्हणजे तिकडचे शेतघर. १७०२ मध्ये बांधलेले एक जुने दगडी घर स्टेडियमशेजारी होते. १९७९ मध्ये क्लबाने तिथे बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. २०११ मध्ये मुलं नव्या इमारतीत गेली, नाव मात्र तेच राहिले.

तिथे सगळ्या वयोगटांना एकाच पद्धतीचा खेळ शिकवतात. दहा वर्षांचा मुलगा जी जागा, जो पास शिकतो, तोच पास मोठ्या संघात लागतो. म्हणून मुलगा वरच्या संघात आला की त्याला नवी भाषा शिकावी लागत नाही. आपल्या शाळांत पाचवीचे गणित आणि आठवीचे गणित एकमेकांशी बोलत असले, तर मूल अडखळत नाही, तसेच हे. २०१० मध्ये जगातील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी शेवटी उरलेले तिघे, मेस्सी, इनिएस्ता आणि झावी, याच घरातले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये लेवान्तेविरुद्धच्या सामन्यात तर काही काळ मैदानावरचे बार्सिलोनाचे अकराच्या अकरा खेळाडू ला मासियात घडलेले होते.

शिक्षक म्हणून आम्हाला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तिथे शाळा सुटत नाही. यमाल २०२४ च्या युरो स्पर्धेसाठी जर्मनीला गेला तेव्हा दप्तर सोबत होते. स्पर्धा चालू असताना त्याने शालान्त वर्गाचा अभ्यास पूर्ण केला आणि उत्तीर्णही झाला. कारण क्लबाला पक्के माहीत असते की अकादमीतली बहुतेक मुले मोठ्या संघापर्यंत पोहोचत नाहीत. जो पोहोचणार नाही, त्याच्या हातात निदान शिक्षण असले पाहिजे.

कोल्हापूर: एकाच शब्दात शाळा आणि आखाडा

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘तालीम’ म्हणजे आखाडा. शब्द एकच, अरबीतून आलेला. तालमीतला ‘वस्ताद’ म्हणजे आपला उस्तादच. कोल्हापुरात हे दोन्ही अर्थ मैदानावर एकत्र भेटतात.

तिथले फुटबॉल संघ कुठल्या कंपनीचे नाहीत. ते पेठांचे, तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल उचलला. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, त्यांची लीग भरवते. शाहू स्टेडियमवर पेठेविरुद्ध पेठ सामना असला की दुकानदार शटर ओढून निघतात.

हे काम कसे चालते? लहान पोरगा गल्लीत खेळतो. शाळेच्या संघात जातो. शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानासारख्या ठिकाणी थोरल्यांच्या सरावाच्या कडेला उभा राहून बॉल आणून देतो. तालमीचा माजी खेळाडू त्याला हेरतो, कान पकडून शिकवतो. मग दुय्यम संघ, मग पहिला संघ. फी नाही, चकचकीत इमारत नाही. पण त्या मुलाला माहीत असते की आपला मामू, आपला शेजारी याच रंगाची जर्सी घालून खेळला होता.

या पेठांतल्या तालमींचा आणखी एक गुण आपल्या वाचकांना ठाऊक असेल. गणपती आणि मोहरमचे पंजे दोन्ही सांभाळणाऱ्या तालमी कोल्हापुरात आहेत. बाबूजमाल तालीम त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच शहरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. शिक्षणाची तालीम आणि अंगमेहनतीची तालीम, दोन्हींना तिथे राजाश्रय होता.

या मातीतून कोण निघाले? २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापूरची गल्ली, मग पुण्यातली शासनाची क्रीडा प्रबोधिनी, मग भारताची जर्सी आणि पुढे इंडियन सुपर लीग, असा त्याचा रस्ता.

कोल्हापुरात सगळे गोडच आहे असे नाही. अलीकडे संघ जिंकवायला बाहेरचे खेळाडू, अगदी आफ्रिकेतलेही, आणले जातात. चाहत्यांच्या हाणामाऱ्याही होतात. बाहेरचा चांगला खेळाडू आला तर पोरं त्याच्याकडून शिकतात, हे खरे. पण पहिल्या संघातल्या जागाच विकत घेतल्या गेल्या, तर बॉल आणून देणाऱ्या पोराने वाट कुठवर पाहायची? हा प्रश्न कोल्हापूरकर स्वतःच विचारत असतात.

तयार संघांचे काय झाले?

महाराष्ट्रात पैसा असलेले क्लब झाले नाहीत का? झाले. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. मालकाचा हिशेब बदलला की क्लब गेला.

पुणे एफसीची कहाणी थोडी वेगळी. त्यांची युवा अकादमी खरोखर चांगली होती. केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा मुलगा तिथे घडला, स्पेनच्या विलारियाल क्लबात शिकायला गेला आणि पुढे भारतासाठी खेळला. क्लब मात्र टिकला नाही. म्हणजे नुसती अकादमी चांगली असून भागत नाही. तिच्या पाठीशी उभा राहणारा मोहल्लाही लागतो. मलप्पुरमला तो आहे. तिथे कापणी झालेल्या शेतात सात-सात जणांचे फुटबॉल सामने भरतात आणि गाव लोटते.

आपल्या समाजात फुटबॉलचा विषय निघाला की कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे नाव अभिमानाने येते. ते यावेच. १८९१ चा हा क्लब. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्यांनी कलकत्ता लीग जिंकली. १९४० मध्ये ड्युरँड चषक जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. पण तो संघ देशभरातून उत्तम खेळाडू गोळा करून उभा राहिला होता. तो रस्ता वेगळा, आणि त्याला मोठ्या शहराचा पैसा लागतो. कसब्याला परवडणारा रस्ता कोल्हापूरचा आहे.

आणखी एक उदाहरण. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीने आय-लीग जिंकून सगळ्यांना चकित केले. संघात स्थानिक मिझो पोरांचा मोठा भरणा होता, पैसा इतर क्लबांच्या मानाने कमी. प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांनी त्याआधी अनेक वर्षे मुंबई एफसी सांभाळला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मुंबईच्या फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षे घाम गाळलेला माणूस तिथवर जातो, हे आपल्या मुलांना सांगा.

घडवणाऱ्याला काय मिळते?

‘आम्ही पोरगा घडवायचा आणि मोठ्या क्लबाने न्यायचा, मग आम्हाला काय?’ हा प्रश्न रास्त आहे. जागतिक संघटना फिफाने त्यासाठी दोन तरतुदी केल्या आहेत.

पहिली, प्रशिक्षण भरपाई. खेळाडू पहिला व्यावसायिक करार करतो, तेव्हा १२ ते २१ वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांना भरपाई मागता येते.

दुसरी, एकजूट निधी. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला, तर रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. समजा सौदा १ कोटीचा. त्याचे ५ टक्के म्हणजे ५ लाख. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला त्या ५ लाखांतले ५ टक्के, म्हणजे २५ हजार. १६ ते २३ मधल्या प्रत्येक हंगामाला १० टक्के, म्हणजे ५० हजार. एखाद्या लहान क्लबाने पोराला १२ ते १५ अशी चार वर्षे शिकवले असेल, तर त्याचा वाटा १ लाख.

पण यासाठी क्लब नोंदणीकृत हवा आणि मुलगा त्या वर्षांत त्या क्लबाच्या नावे नोंदलेला हवा. गल्लीतल्या संघाकडे कागद नसेल, तर त्याचा घाम कुणी मोजत नाही. म्हणून जिल्हा संघटनेमार्फत राज्याच्या ‘विफा’कडे नोंदणी करणे आणि खेळाडूंची नावे अखिल भारतीय महासंघाच्या संगणकीय यादीत चढवणे, हे सरावाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

पालकांनो, एवढे पाहा

परदेशाचे आमिष. फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी करायला बंदी आहे. मोजके अपवाद आहेत, जसे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील. हा नियम मोडला म्हणून २०१४ मध्ये खुद्द बार्सिलोनावर कारवाई झाली आणि २०१५ मध्ये त्यांना नवे खेळाडू नोंदवता आले नाहीत. तेव्हा ‘तुमच्या चौदा वर्षांच्या पोराला स्पेनच्या क्लबात बसवतो, आधी दोन लाख द्या’ असे कुणी म्हणाले, तर चहा पाजून वाटेला लावा. तसेच, परदेशी क्लबाचे नाव लावून फी घेणारा शिकवणी वर्ग म्हणजे ला मासिया नव्हे. तिथे शिकायला मिळेल, पण निवड झाली असे समजू नका.

जन्मदाखला. वय कमी दाखवून खेळवण्याचा मोह धरू नका. मनगटाच्या हाडाच्या तपासणीतून वयचोरी पकडली जाते आणि मुलाच्या वाट्याला बंदी येते. शिवाय दोन वर्षांनी मोठा मुलगा लहानांत खेळून जिंकतो, पण शिकत काहीच नाही.

शाळा सोडवू नका. मैदान हवे म्हणून शाळा नको, किंवा दहावी आली म्हणून मैदान बंद, ही दोन्ही टोके आम्ही दरवर्षी पाहतो. राज्यात ठरावीक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रे जपून ठेवा.

रस्ते माहीत करून घ्या. १९६० पासून चालणारी सुब्रतो चषक स्पर्धा शाळांसाठीच आहे. तालुका, जिल्हा, विभाग करत शाळेचा संघ वर जाऊ शकतो. शासनाची क्रीडा प्रबोधिनी लहान वयात चाचण्या घेऊन निवासी प्रशिक्षण देते. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी निवडलेल्या मुलांना शिष्यवृत्तीवर शिकवते.

मुलींना विसरू नका. सुब्रतो चषकात १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे. २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. मोकळ्या मैदानाची लाज वाटत असेल, तर शाळेच्या आवारात, शिक्षिकेच्या देखरेखीखाली सकाळचा एक तास ठेवता येतो. सुरुवात तिथून होते.

कसब्यात काय करता येईल?

१५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवले. एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, अशी ती मोहीम होती. उत्साह मोठा होता. पण परंपरा एका दिवसाने होत नाही. ती दर मंगळवारी, दर गुरुवारी, ठरल्या वेळी मैदानावर येणाऱ्या एका माणसामुळे होते.

लासलगाव, निफाड, मनमाड, येवला, मालेगाव, आपल्या या पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीला हे जमू शकते. शाळेचे मैदान संध्याकाळी दोन तास उघडे. पूर्वी खेळलेला, पोरांशी शिवीगाळ न करणारा एक वस्ताद. आठ ते बारा वयाची वीस मुले, सगळ्या मोहल्ल्यांतली, सगळ्या समाजांची. एक नोंदवही, ज्यात जन्मतारीख, हजेरी आणि शाळेचे गुण. वर्षाला एक स्पर्धा, ज्यात बाहेरचे खेळाडू भाड्याने आणायला मनाई. आणि दोन वर्षांत क्लबाची रीतसर नोंदणी. आपल्या तंझीमी आणि तरुण मंडळे रमजाननंतर क्रिकेटच्या बक्षिसांवर जेवढा खर्च करतात, त्यातला थोडा हिस्सा याला पुरेल.

वीसपैकी एकही मुलगा भारतासाठी खेळेल असे वचन कुणी देऊ शकत नाही. ला मासियाही देत नाही. पण रोज संध्याकाळी वेळेवर येणारा, हरल्यावर हात मिळवणारा, मोबाइल आणि गुटख्यापासून दोन तास लांब राहणारा मुलगा वीसच्या वीस घरांत तयार होऊ शकतो. येत्या ऑक्टोबरात कुणी डोंगळ्यांसाठी कांदे निवडत असेल, त्याच आठवड्यात ही वीस नावेही वहीत लिहून टाका.